इलेक्ट्रॉनला धक्का लागतो म्हणून नाही: अनिश्चिततेचं तत्त्व मुळातून

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "क्लासमध्ये सांगितलं की इलेक्ट्रॉन बघायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागते, त्या प्रकाशाचा धक्का लागून त्याचा वेग बदलते, म्हणून जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी अचूक मोजता येत नाही. मग उद्या कोणी एकदम नाजूक यंत्र बनवलं तर? आणि मॅडम, आपण बघूनच नाही राहिलो तेव्हा तरी इलेक्ट्रॉनला जागा आणि वेग दोन्ही असनच ना? शिवाय सूत्र प्रत्येक पुस्तकात वेगळं आहे, परीक्षेत कोणतं लिहू?"

मी नागपुरात सत्तावीस वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवते आहे. धक्क्याची ही गोष्ट सुरुवातीची काही वर्षं मीही अशीच सांगायचे. एकदा शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मग हा दोष इलेक्ट्रॉनचा की आपल्या टॉर्चचा?" त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. ते शोधताना लक्षात आलं की धक्क्यापासून सुरुवात केली की मुलांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसतं: इलेक्ट्रॉन म्हणजे बारीकसा कंचा, त्याला नेमकी जागाही आहे आणि नेमका वेगही, फक्त आपले हात ओबडधोबड आहेत. हे चित्रच चुकीचं आहे. म्हणून आता मी सुरुवात हार्मोनियमपासून करते.

घरी किंवा शेजारी पेटी असेल तर काळी एक दाबून धर. तिची वारंवारता साधारण २७७ हर्ट्‌झ, म्हणजे हवा सेकंदाला २७७ वेळा मागेपुढे होते. डावीकडची पांढरी एक २६२च्या आसपास आणि उजवीकडची पांढरी दोन २९४च्या. दोन सेकंद सूर धरला तर तो कोणता आहे याबद्दल शंका उरत नाही. आता कल्पना कर, तोच सूर सेकंदाच्या शंभराव्या भागापुरताच वाजला. तेवढ्या वेळात किती कंपनं झाली? जेमतेम पावणेतीन. पांढऱ्या एकची झाली असती अडीचच्या थोडी वर आणि पांढऱ्या दोनची तीनला थोडी कमी. आता सांग, त्या एवढ्याशा तुकड्यावरून सूर कोणता ते कसं ठरवायचं? तुकडा अर्धवट कापलेला, कंपन कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हेच पुसट. जगातला सगळ्यात महागडा मायक्रोफोन आणला तरी काही फरक पडणार नाही, कारण माहिती मायक्रोफोनकडून हुकलेली नाही, ती त्या आवाजातच नाही. सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आवाजाला एकच एक सूर नसतो, तो आजूबाजूच्या कित्येक सुरांचं मिश्रण असतो. टाळी वाजव आणि तिचा सूर सांग बघू. टाळी 'कधी' वाजली हे नेमकं सांगता येतं, म्हणूनच तिचा 'सूर' सांगता येत नाही. सूर नेमका हवा तर आवाज लांबवावा लागतो, आणि मग तो 'कधी' वाजला या प्रश्नाचं उत्तर पसरट होतं.

हे गणित सगळ्या तरंगांना लागू आहे आणि त्यात क्वांटम असं काहीच नाही. आमच्या फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी वाऱ्याने एकामागून एक सारख्या लाटा येत असतात, तेव्हा दोन लाटांमधलं अंतर, म्हणजे तरंगलांबी, छान मोजता येते. पण 'लाट कुठे आहे?' विचारलं तर उत्तर एकच, सगळीकडे. उलट एकच उंचवटा पाण्यावरून सरकत गेला तर तो कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं, पण त्याची तरंगलांबी किती म्हणायची? असा एकटा उंचवटा तयार करायचा तर वेगवेगळ्या तरंगलांबीच्या पुष्कळ लाटा एकत्र मिसळाव्या लागतात. त्या एका ठिकाणी एकमेकींना जोर देतात आणि बाकी सगळीकडे एकमेकींना पुसून टाकतात. उंचवटा जितका अरुंद हवा, तितकं मिश्रण जास्त. यालाच फूरिये विश्लेषण म्हणतात. ते क्वांटमच्या शंभर वर्षं आधीपासून गणितात आहे.

क्वांटमचं योगदान एका ओळीचं आहे. १९२४ साली लुई द ब्रॉयने सांगितलं की इलेक्ट्रॉनसारख्या कणालाही तरंगलांबी असते, आणि ती म्हणजे प्लांकचा स्थिरांक ('एच' नावाचा, निसर्गातला एक अतिशय लहान ठरावीक आकडा) भागिले संवेग. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तो तुला माहीत आहेच. १९२७मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडून त्यांचं विवर्तन, म्हणजे तरंगांसारखं पसरणं, प्रत्यक्ष दाखवलं. आता वरचा परिच्छेद पुन्हा वाच आणि 'तरंगलांबी'च्या जागी 'संवेग' ठेव. इलेक्ट्रॉनची जागा नेमकी करायची तर त्याच्या तरंगात पुष्कळ तरंगलांब्या मिसळाव्या लागतात, म्हणजे पुष्कळ संवेग मिसळावे लागतात. संवेग नेमका हवा तर तरंग लांबवर पसरतो, म्हणजे जागा पसरते. अनिश्चिततेचं तत्त्व एवढंच आहे. प्रकाश टाकण्याचा, धक्क्याचा यात अजून कुठे उल्लेखही आला नाही.

आता 'अनिश्चितता' या शब्दाचा नेमका अर्थ. इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून हा भाग सावकाश वाच. समज, तुझ्याकडे दोन हजार इलेक्ट्रॉन आहेत, सगळे अगदी सारख्या पद्धतीने तयार केलेले. त्यातल्या एक हजारांची तू फक्त जागा मोजलीस. आकडे सगळे सारखे येणार नाहीत, थोडे इकडे थोडे तिकडे येतील. त्या पसाऱ्याचं प्रमाण विचलन काढ. बारावीला सांख्यिकीत काढायचास तसंच. ही झाली जागेतली अनिश्चितता. उरलेल्या एक हजारांचा तू फक्त संवेग मोजलास, त्याचंही प्रमाण विचलन काढ. तत्त्व म्हणतं की या दोन आकड्यांचा गुणाकार एका ठरावीक मर्यादेच्या खाली कधीच जाणार नाही. आता नीट बघ: यात कुठल्याही एका इलेक्ट्रॉनवर दोन मोजमापं केलेलीच नाहीत. ज्याची जागा मोजली त्याचा संवेग मोजला नाही आणि ज्याचा संवेग मोजला त्याच्या जागेला हात लावला नाही. मग धक्का कोणी कोणाला दिला? तरीही मर्यादा कायम आहे. म्हणून तुझ्या नाजूक यंत्राच्या प्रश्नाचं उत्तर: यंत्र कितीही नाजूक कर, ही मर्यादा यंत्राची नाहीच. प्रत्येक मोजमाप हवं तितकं अचूक करायला हे तत्त्व आडकाठी करत नाही. पसारा आकड्यांमध्ये आहे, कारण तो इलेक्ट्रॉनच्या अवस्थेतच आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरी करता येतं. दाढीची दोन पाती काचेच्या पट्टीवर टेपने अशी चिकटव की दोन धारांमध्ये केसाएवढी फट राहील. लाल लेझर पॉइंटर वहीच्या गठ्ठ्यावर स्थिर ठेव आणि किरण त्या फटीतून समोरच्या भिंतीवर पाड. पाती जपून हाताळ, आणि लेझरकडे किंवा पात्यावरून उडणाऱ्या त्याच्या चमकेकडे सरळ बघू नकोस. मी हा प्रयोग दरवर्षी लॅबमध्ये करते. खिडक्यांचे पडदे ओढायचे आणि एप्रिल असला तरी कूलर बंद करायचा, कारण त्याच्या थरथरीने ठिपका भिंतीवर नाचत राहतो. मुलं घामाघूम होतात, पण जागेवरून हलत नाहीत. फट ०.१ मिलिमीटर, भिंत ३ मीटरवर आणि लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असेल तर भिंतीवरचा मधला तेजस्वी पट्टा साधारण ४ सेंटिमीटर रुंद दिसतो. आता फट निम्मी कर. सहज मनात येतं की वाट अरुंद झाली, तर पट्टाही अरुंद व्हायला हवा. होतं उलटं, पट्टा ८ सेंटिमीटरच्या जवळ जातो. प्रकाशकणाला आडव्या दिशेने तू जितक्या अरुंद जागेत कोंडलंस, तितका त्याचा आडवा संवेग पसरला. हिशेब केला तर फटीची रुंदी गुणिले आडव्या संवेगाचा पसारा हा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाच्या आसपास येतो, फट कितीही असली तरी. फटीची उंची मात्र लांबलचक आहे, म्हणून उभ्या दिशेने किरण पसरत नाही. यातून आणखी एक गोष्ट कळते: ही अदलाबदल एकाच दिशेतल्या जागेची आणि संवेगाची असते. आडवी जागा आणि उभा संवेग, दोन्ही एकाच वेळी हवे तितके नेमके असू शकतात.

पुष्कळ प्रकाशकण एकमेकांना ढकलत असतील म्हणून पट्टा पसरला, अशी शंका कोणी काढली तर तिचंही उत्तर जुनं आहे. १९०९ साली केंब्रिजमध्ये जी. आय. टेलर यांनी सुईच्या सावलीचा फोटो इतक्या मंद प्रकाशात घेतला की फोटोची काच जवळजवळ तीन महिने उघडी ठेवावी लागली, म्हणजे प्रकाशकणांची गर्दी होण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही सावलीच्या कडेचे पट्टे जसेच्या तसे आले.

मग धक्क्याची गोष्ट आली कुठून? ती खुद्द हायझेनबर्गकडून आली, म्हणून तिला निव्वळ चूक म्हणून टाकून देता येत नाही. १९२७ साली कोपनहेगनमध्ये बोर यांच्या संस्थेत असताना, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने हे तत्त्व मांडलं. समजावण्यासाठी त्याने गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाची कल्पना केली: इलेक्ट्रॉन स्पष्ट दिसायला आखूड तरंगलांबीचे किरण हवेत, आणि तसे किरण जोराचा धक्का देतात. याला एक जुना धागा आहे. १९२३मध्ये म्युनिकला डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत विल्हेल्म वीन यांनी त्याला सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता (जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची ताकद) विचारली होती आणि त्याला ती सांगता आली नव्हती. चार वर्षांनी सूक्ष्मदर्शकाचंच उदाहरण घेतलं, तर त्यातही भिंगाच्या रुंदीचा भाग निसटला. बोर यांनी ते दाखवून दिलं आणि हायझेनबर्गला छापायला गेलेल्या लेखाला पुरवणी जोडावी लागली. हे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण व्हायव्हात अडलेली मुलं फार लवकर स्वतःला 'ढ' ठरवतात.

मोजताना धक्का लागतो हे खरंच आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा हिशेबही वेगळा आहे. मोजमापातली चूक आणि त्यामुळे झालेली ढवळाढवळ यांचं नातं भौतिकशास्त्रज्ञ ओझावा यांनी २००३मध्ये नव्याने मांडलं, आणि २०१२मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनवर आणि टोरांटोत प्रकाशकणांवर प्रयोग करून असं दिसलं की हायझेनबर्गच्या ढोबळ धक्क्याच्या हिशेबापेक्षा कमी ढवळाढवळीत मोजता येतं. अवस्थेतल्या पसाऱ्याची मर्यादा मात्र त्या प्रयोगांतही जागची हलली नाही.

"आपण बघून नाही राहिलो तेव्हा तरी असनच ना?" हा तुझा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. आज आपण जी पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) शिकवतो तिचं उत्तर 'नाही' असं आहे: नेमकी जागा आणि नेमका संवेग दोन्ही असलेली अवस्थाच त्या गणितात नाही, जसा नेमका सूर असलेली टाळी नाही. यावर वाद झाले. डेव्हिड बोम यांनी १९५२मध्ये अशी मांडणी केली की ज्यात कणाला जागा कायम असते. पण तिथेही प्रयोगात तोच पसारा येतो आणि दूरच्या कणांचा एकमेकांवर ताबडतोब परिणाम मान्य करावा लागतो. असा परिणाम नको आणि तरीही सगळे आकडे आधीपासून लपून ठरलेले आहेत, असं दोन्ही म्हणता येतं का, याची कसोटी जॉन बेल यांनी १९६४मध्ये दिली. प्रयोगांनी ती शक्यता फेटाळली, आणि त्या कामासाठी २०२२चं नोबेल अस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना मिळालं.

आता मला सगळ्यात जास्त प्रिय असलेला भाग. हे तत्त्व म्हणजे ज्ञानाला लागलेलं कुलूप, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. माझ्या मते ते आपल्या पायाखालची जमीन आहे. जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे अणुकेंद्रकाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने ऊर्जा फेकत फेकत सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रकात कोसळायला हवं. कोसळत का नाही? हायड्रोजनचा ढोबळ हिशेब करून बघ, कागदावर पाच मिनिटांत होतो. केंद्रकाच्या जवळ जाण्याने ओढीची ऊर्जा उतरते, पण लहान जागेत कोंडल्याने संवेगाचा पसारा वाढतो आणि गतिज ऊर्जा चढते. त्रिज्या ०.५३ अँग्स्ट्रॉम असताना गतिज ऊर्जा १३.६ आणि ओढीची उणे २७.२, एकूण उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं माप). आता त्रिज्या निम्मी कर. ओढीची ऊर्जा दुप्पट होऊन उणे ५४.४ झाली, पण गतिज चौपट होऊन तीही ५४.४ झाली, बेरीज शून्य. त्रिज्या दुप्पट केलीस तर ३.४ आणि उणे १३.६, म्हणजे उणे १०.२. दोन्हीकडे चढच. इलेक्ट्रॉन ज्या खळग्यात बसलाय तो ०.५३वरच आहे. अणूला आकार का आहे, याचं उत्तर या तीन बेरजांत आहे. विटेला जागा लागते, हात टेबलातून आरपार जात नाही, यामागे पाउलीचा नियम (दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) आहे आणि त्याच्या जोडीला हाच हिशेब.

द्रव हेलियमही याचीच साक्ष देतो. साध्या दाबाखाली तो निरपेक्ष शून्याजवळ नेला तरी गोठत नाही. अणू हलके, एकमेकांची ओढ कमजोर. त्यांना जागच्या जागी बसवायला गेलं की संवेगाचा पसारा त्यांना पुन्हा हलवतो. साधारण २५ वातावरणांचा दाब दिला तेव्हा कुठे तो घन होतो.

आपल्याला रोजच्या जगात हे का जाणवत नाही, याचं उत्तर आकड्यात आहे. अणूएवढ्या जागेत, म्हणजे एका अँग्स्ट्रॉममध्ये, कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या वेगाचा पसारा किमान सेकंदाला ५८० किलोमीटर येतो. नागपूर ते हैदराबाद अंतराहून जास्त, एका सेकंदात. आता १५ ग्रॅमचा कॅरमचा स्ट्रायकर घे आणि त्याची जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत पक्की धर. वेगातली किमान अनिश्चितता इतकी क्षुल्लक येते की विश्वाच्या आजवरच्या वयात, १३८० कोटी वर्षांत, त्यामुळे स्ट्रायकर फार तर दीड नॅनोमीटर सरकेल. जेमतेम दहाएक अणू ओळीने ठेवावेत तेवढं. म्हणून "आयुष्यात काहीच निश्चित नाही, हायझेनबर्गनेही सांगितलंय" असं कोणी म्हणालं तर तू मानू नकोस. त्याने तसं काही सिद्ध केलेलं नाही.

ऊर्जा आणि वेळ यांचंही असंच सूत्र पुस्तकात असतं, पण त्याची जात थोडी वेगळी आहे. पुंजयामिकीत वेळ ही कणाची मोजायची राशी नाही, तिथे वेळ म्हणजे अवस्था बदलायला लागणारा काळ. तुझ्या लॅबमधला सोडियमचा पिवळा दिवा घे. ज्या अवस्थेतून तो प्रकाश येतो ती सरासरी १६ नॅनोसेकंद टिकते. पेटीच्या तुकड्यासारखंच: तरंग एवढाच वेळ वाजला, म्हणून त्याचा रंगही एकच एक नाही. वारंवारता सुमारे ५०९ लाख कोटी हर्ट्‌झ आणि तिची नैसर्गिक रुंदी सुमारे १ कोटी हर्ट्‌झ. दिव्यातून येणारी रेघ प्रत्यक्षात याहून शंभरपटीने जाड असते, पण ती मुख्यतः अणूंच्या धावपळीमुळे. तो वेगळा परिणाम आहे, गोंधळू नकोस.

आणि याचा उपयोग विचारशील तर तो आपल्या शेजारी येतो आहे. विदर्भाला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. २०२३मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म फरक तिथे टिपायचा असतो, आणि तिथे प्रकाशाची स्वतःची अनिश्चितता आडवी येते. अमेरिकेतल्या लायगोने २०१९पासून यावर 'पिळलेला प्रकाश' वापरायला सुरुवात केली. प्रकाशाच्या कलेतली (फेज, म्हणजे लाट नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे) अनिश्चितता कमी करायची आणि त्या बदल्यात आयामातली (लाटेच्या उंचीतली) वाढू द्यायची. गुणाकाराची मर्यादा तशीच, फक्त पसारा जिथे त्रास देणार नाही तिकडे ढकललेला. फुग्याला एकीकडून दाबलं की दुसरीकडून फुगतो तसं.

राहिला परीक्षेचा प्रश्न. हायझेनबर्गच्या १९२७च्या लेखात अंदाज होता, गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाएवढा, म्हणून काही पुस्तकांत नुसता 'एच' असतो. काही जण ढोबळ हिशेबासाठी 'एच भागिले दोन पाय (π)', म्हणजे 'एच-बार' घेतात. वर हायड्रोजनसाठी मीही तोच घेतला. प्रमाण विचलनं घेऊन काटेकोर सिद्धता त्याच वर्षी केनार्ड यांनी दिली आणि तिथली मर्यादा 'एच भागिले चार पाय (π)' आहे, म्हणजे ५.२७ गुणिले १० चा उणे ३५ वा घात, जूल-सेकंदात. हीच लिही. आणि मध्ये बरोबरचं चिन्ह टाकू नकोस, 'पेक्षा मोठा किंवा बरोबर' टाक. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पेपरांत निम्मी मुलं इथेच गुण घालवतात. बरोबरचं चिन्ह फक्त घंटेच्या आकाराच्या, गाउसच्या तरंगपुंजासाठी खरं आहे. बाकी प्रत्येक अवस्थेत गुणाकार त्याहून मोठाच निघतो. हायड्रोजनच्या सगळ्यात खालच्या अवस्थेसाठी तो पुढच्या वर्षी तू स्वतः काढशील, तेव्हा बघ: 'एच-बार'च्या निम्म्याहून तो थोडा वरच येतो.